कागद कोणाच्या टेबलावरून गेला असेल?

वाचकाचं पत्र

मी विद्यापीठात समाजशास्त्र शिकवते. आमच्याच विद्यापीठात शिकलेल्या पहिल्या काही पिढ्यांच्या विद्यार्थिनींवर संशोधन करावं असं बरेच दिवस मनात आहे. मागच्या महिन्यात धीर करून विद्यापीठाच्या अभिलेखागारात, म्हणजे जुनी दप्तरं जपून ठेवतात तिथे, गेले. ‘स्त्रीशिक्षणावरच्या फाइली बघायच्या आहेत,’ असं सांगितलं, तर तिथल्या बाईंनी विचारलं, ‘कोणत्या कार्यालयाच्या?’ मला उत्तरच देता येईना. संगणकावरच्या सूचीत शोधलं तर जेमतेम तीन नोंदी निघाल्या. तासाभरात परत आले. आता विभागप्रमुख म्हणतात, पुढच्या सत्रात चाळीस विद्यार्थ्यांना तिथे घेऊन जा. जिथे मलाच काही सापडलं नाही, तिथे मी मुलांना काय दाखवू?

ता. क. आमचा विभाग नव्या इमारतीत जातो आहे. जुन्या कपाटात रजिस्टरं आणि पत्रांचे गठ्ठे पडले आहेत. ते रद्दीत जाण्याआधी त्यातलं कामाचं तेवढं निवडून ठेवू का?

उत्तर

नमस्कार,

ताज्या कलमाचं उत्तर शेवटी देते. तोवर एवढंच करा, त्या कपाटाला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा.

अभिलेखागारातल्या बाईंनी ‘कोणत्या कार्यालयाच्या?’ असं विचारलं तेव्हा तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असणार. पण त्यांनी विचारला तो अगदी नेमका प्रश्न होता. तिथलं सगळं काम त्या एका प्रश्नावर चालतं, आणि तो एकदा अंगवळणी पडला की तुमच्या दोन्ही अडचणी, संशोधनाची आणि शिकवण्याची, बऱ्याच हलक्या होतील.

ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावतात. स्त्रीशिक्षण म्हटलं की ग्रंथपाल एक कपाट दाखवू शकतात. अभिलेखागारात असं कपाट नसतं. ज्याच्या कामातून कागद तयार झाले, त्याच्या नावावर ते एकत्र राहतात. कुलसचिवांच्या कार्यालयाचे एकीकडे, परीक्षा विभागाचे दुसरीकडे, वसतिगृहाचे तिसरीकडे, एखाद्या प्राध्यापकांच्या घरून आलेले खाजगी कागद आणखी वेगळे. त्या त्या कार्यालयाने फाइली ज्या क्रमाने ठेवल्या होत्या तो क्रमही शक्यतो मोडत नाहीत. पूर्वी कागद विषयवार वाटून टाकायची चाल होती. त्यात एकाच कचेरीचा पत्रव्यवहार दहा ठिकाणी जायचा आणि कुठलं पत्र कशाचं उत्तर आहे हे कळायची सोय राहायची नाही. फ्रान्सच्या गृहखात्याने १८४१ साली परिपत्रक काढून प्रांतिक दप्तरखान्यांना सांगितलं की एका संस्थेचे कागद एकत्र ठेवा, दुसऱ्यात मिसळू नका. पुढे म्युलर, फाइथ आणि फ्रॉइन या तीन डच अभिलेखपालांनी १८९८ साली ही सगळी शिस्त शंभर नियमांत बांधली. आज जगभरची अभिलेखागारं थोड्याफार फरकाने त्याच वाटेने चालतात.

तेव्हा ‘माझ्या विषयावर तुमच्याकडे काय आहे?’ असं विचारण्याआधी घरी बसून वेगळा विचार करा : माझ्या विषयातल्या माणसाचं विद्यापीठात कोणाकोणाशी काम पडलं असेल? तुमची विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. तिने प्रवेशाचा अर्ज केला, तो कोणी घेतला? फी माफीसाठी लिहिलं, ते पत्र लेखा विभागात गेलं का? ती राहिली कुठे, आजारी पडली तेव्हा तिला कोणी तपासलं, प्रयोगशाळेत तिला जागा द्यायची की नाही हे कोणत्या समितीत ठरलं, कोणी त्रास दिला तर तक्रार कोणाकडे गेली? प्रत्येक प्रश्नामागे एक टेबल आहे आणि त्या टेबलावरून कागद गेलेला आहे. तुमच्या तीन नोंदी निघाल्या त्या फाइलीच्या नावात ‘स्त्री’ किंवा ‘विद्यार्थिनी’ हा शब्द होता म्हणून. बाकीच्या फाइलींवर ‘वसतिगृह विस्तार’, ‘किरकोळ दुरुस्त्या’, ‘संकीर्ण’ असलं काहीतरी लिहिलेलं असणार. सूची बहुधा फाइलीच्या नावापर्यंतच पोचते, आतल्या पानापानापर्यंत नाही.

कधी कधी तर कागद कोणाकडे राहिले यातच मोठी हकिगत असते. केंब्रिजचं स्त्रियांसाठीचं गर्टन कॉलेज १८६९ साली सुरू झालं. १८८१ पासून विद्यार्थिनींना केंब्रिज विद्यापीठाच्या पदवी परीक्षांना रीतसर बसता येऊ लागलं. पण पुरुषांच्या बरोबरीची पूर्ण पदवी आणि त्याबरोबर विद्यापीठाचं सभासदत्व मिळायला १९४८ साल उजाडलं. मधली कितीतरी वर्षं ती मुलगी व्याख्यानांना बसत होती, परीक्षा देत होती आणि तरी विद्यापीठाची सभासद नव्हती. तिची रोजची नोंद कोण ठेवणार? तिचं कॉलेज. तिथल्या विद्यार्थिनींचा शोध घेणाऱ्याने फक्त विद्यापीठाची दप्तरं चाळली तर ती अर्धीमुर्धीच भेटेल. तुमच्या विद्यापीठातही वसतिगृह एखाद्या न्यासाने चालवलं असेल किंवा शिष्यवृत्ती बाहेरच्या संस्थेने दिली असेल, तर ते कागद आणखी कुठेतरी असतील. हेही त्या बाईंना विचारा. त्यांना माहीत असण्याची शक्यता मोठी.

एक अनुभव सांगते, म्हणजे मी हे इतकं घोळवून का सांगते आहे ते कळेल.

एका जुन्या विद्यापीठाच्या कागदांत मी शोधत होते की ग्रंथालयात विद्यार्थिनींना बसायला वेगळी जागा कधी आणि कशी झाली. कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तात एकच ओळ होती : ‘ग्रंथपालांची विनंती मान्य.’ विनंती कसली, ते नाही. मग कुलसचिवांच्या त्या वर्षीच्या फाइली मागवल्या. तिसऱ्या फाइलीत ग्रंथपालांचं मूळ पत्र होतं. विद्यार्थिनींची संख्या वाढली आहे, त्यांच्यासाठी आडोसा करावा, एवढाच मजकूर आणि खाली ‘सोबत : आराखडा’. आराखडा मात्र नव्हता. पत्राच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीच्या गंजाचा तांबूस ओरखडा आणि दोन बारीक भोकं होती. टाचणी केव्हाच काढली होती, पण तिची खूण राहिली होती. समासात दुसऱ्या हाताने, निळ्या पेन्सिलीने एक शब्द लिहिलेला होता : ‘अभियंता’.

तो शब्द वाचून मी अभियंता कार्यालयाच्या कागदांची सूची मागितली. त्यात त्या वर्षीची ‘किरकोळ दुरुस्त्या’ अशी फाइल होती. नळ, खिडक्यांच्या काचा, छपराची गळती असं सगळं उलटत गेले आणि मध्येच चार घड्या घातलेला एक पातळ कागद निघाला. वाचन कक्षाचा आराखडा. लाकडी पडदी कुठे येणार ते आखलेलं, मापं घातलेली, डाव्या कोपऱ्यात तोच तांबूस ओरखडा आणि तीच दोन भोकं. ग्रंथपालांनी दार पुढच्या बाजूला दाखवलं होतं. त्यावर कोणीतरी काट मारून लिहिलं होतं, ‘दार मागील बाजूस असावे.’ इतिवृत्तात ‘मान्य’ म्हणून आलेली विनंती प्रत्यक्षात बदलून मान्य झाली होती आणि मुलींना मागच्या दाराने आत यावं लागणार होतं. संगणकावर कितीही शब्द टाकले असते तरी ती फाइल माझ्यासमोर आली नसती.

आता भेटीच्या तयारीचं. न कळवता जाऊ नका. मी एकदा तशी गेले आणि दोन दिवस फुकट गेले, कारण मला हवी असलेली खोकी दुसऱ्या इमारतीतल्या गोदामात होती आणि ती आणायची गाडी आठवड्यातून एकदाच जायची. आधी सविस्तर ईमेल लिहा. तुम्ही कोण, काय शोधता आहात, साधारण कोणत्या वर्षांतलं, कोणाकोणाच्या कामाचे कागद तुम्हाला बघावेसे वाटतात आणि आतापर्यंत काय वाचलं आहे. शेवटचा मुद्दा लोक गाळतात. तुम्ही छापील इतिहास, वार्षिक अहवाल, विद्यार्थ्यांचं नियतकालिक आधी वाचलं असेल तर अभिलेखपाल तुम्हाला थेट पुढच्या पायरीवर नेतात. त्याच पत्रात विचारून घ्या की कागद तिथेच आहेत का, काही भाग बंद आहे का, फोटो काढता येतात का, दिवसाला किती खोकी मिळतात.

वाचन कक्षातले नियम पहिल्यांदा जाच वाटतात, पण प्रत्येकामागे कारण आहे. पेन चालत नाही, पेन्सिल चालते, कारण शाईचा एक ठिपका कायमचा राहतो. हात स्वच्छ धुऊन कोरडे करून जा. मलम किंवा क्रीम लावून जाऊ नका, आणि बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती आधी मोडा. पांढरे हातमोजे घालायचे असा बऱ्याच जणांचा समज असतो. ते छायाचित्रांना आणि निगेटिव्हना हवेत. मोज्यातल्या बोटाला साध्या कागदाचा अंदाज येत नाही, कडा अडकते आणि पान फाटतं. एका वेळी एकच फाइल उघडा. आतलं पान चुकीच्या जागी आहे अशी तुमची खात्री झाली तरी स्वतः हलवू नका, तिथल्या माणसाला दाखवा. वर सांगितलेल्या पत्राचा आणि आराखड्याचा संबंध मला लागला तो दोन्ही आपापल्या जागी होते म्हणून.

फोटोंबद्दल मात्र कळकळीने सांगते. आधी खोक्यावरच्या चिठ्ठीचा फोटो, मग फाइलीच्या मुखपृष्ठाचा, मग पानांचा, आणि पान कोरं वाटलं तरी मागच्या बाजूचा. शेरे, सह्या, पोचल्याचे शिक्के बऱ्याचदा मागे असतात. वहीत त्याच वेळी संग्रह (एका कार्यालयाचे सगळे कागद), मालिका (त्यातल्या एका प्रकारच्या फाइलींचा गट), खोका, फाइल आणि पान यांचे क्रमांक लिहा. सुरुवातीच्या काळात मी हे केलं नव्हतं. एक सुंदर पत्र माझ्याकडे फोटोत होतं, पण ते कुठल्या फाइलीतलं हे कळेना. ते परत सापडेपर्यंत लेख पडून राहिला. फोटोंना त्याच रात्री नावं द्या आणि दुसरीकडे प्रत काढून ठेवा. फोटो काढण्याच्या नादात वाचायचं राहू देऊ नका. वाचता वाचता सुचलेलं पुढचं टेबल तिथेच असताना विचारता येतं, घरी आल्यावर नाही.

काही फाइली तुम्हाला मिळणार नाहीत. विद्यार्थ्यांचे गुण, आजारपणाच्या नोंदी, शिस्तभंगाची प्रकरणं ठराविक मुदतीपर्यंत बंद असतात आणि ते योग्यच आहे. त्यातली माणसं किंवा त्यांची मुलंबाळं हयात असू शकतात. त्यावर हुज्जत घालू नका. नावं झाकून काही बघता येईल का, एवढं विचारा. दुसरं, पत्राचा कागद अभिलेखागाराचा असला तरी त्यातल्या मजकुराचा हक्क बहुधा लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो. फोटो काढायची परवानगी म्हणजे छापायची परवानगी नव्हे. पुस्तकाची वेळ आली की हे वेगळं विचारावं लागेल.

आणि काही गोष्टी कुठेच मिळणार नाहीत. कार्यालयात तयार होणाऱ्या कागदांपैकी थोडेच कायम जतन होतात, बाकीचे मुदत संपली की नष्ट होतात. शिवाय मुळात कार्यालयाला ज्याची गरज वाटली तेच लिहिलं गेलं. वसतिगृहाच्या नियमांची फाइल मिळेल, ते नियम रात्री खोलीत बसून कोणी कसे वाकवले ते तिच्यात नसेल. त्यासाठी त्या मुलींनी घरी लिहिलेली पत्रं, रोजनिश्या किंवा आज वयस्क झालेल्या माजी विद्यार्थिनींच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी लागतील. काय सापडलं नाही आणि ते का नसावं, हे संशोधनात स्पष्ट लिहा. मी परीक्षक म्हणून प्रबंध वाचते तेव्हा हे आवर्जून बघते.

आता तुमचे चाळीस विद्यार्थी. एका वेळी चाळीस नेऊ नका. बहुतेक वाचन कक्षांत तेवढ्या खुर्च्याही नसतात, आणि मागच्या रांगेतल्या मुलांना कागद दिसणारच नाही. दहा-दहांचे चार गट करा. त्याच्या निदान महिनाभर आधी तुम्ही एकट्या जा आणि अभिलेखपालांबरोबर बसून पाच-सहा कागद निवडा. त्यांना ‘मुलांना काहीतरी दाखवा’ असं सांगून मोकळं होऊ नका. तुमच्या अभ्यासक्रमात त्या आठवड्यात काय चाललंय, मुलांना आधीचं किती माहीत आहे, हे सांगा. तुम्हाला विषय ठाऊक आहे, त्यांना कागद ठाऊक आहेत. तो तास तुम्ही दोघींनी मिळून घ्यायचा आहे.

निवडताना सगळे देखणे कागद घेऊ नका. एक नाट्यमय पत्र असू द्या, पण त्याच्या शेजारी एक रुक्ष इतिवृत्त, एक हिशेबाचं पान, एक छापील अर्ज आणि एक आराखडा ठेवा. शक्य असेल तर एकाच घटनेशी संबंध असलेले, पण वेगवेगळ्या कार्यालयांतले कागद घ्या. जीर्ण झालेल्या कागदाची चांगली प्रत चालेल. खाजगी तपशील असलेलं काहीही वर्गात नको. अक्षर कठीण असेल तर निम्म्या पानाचा वाचून काढलेला मजकूर जोडा. निम्म्याच. उरलेलं मुलांनी धडपडून वाचू दे.

मग पहिली पंधरा मिनिटं तुम्ही अजिबात बोलू नका. हे शिक्षकाला फार जड जातं, मला अजूनही जातं. दोन मुलांमागे एक कागद द्या आणि फक्त जे दिसतं ते लिहायला सांगा : कागद कसा आहे, किती जणांचं अक्षर आहे, शिक्का, घडी, खाडाखोड, काय तोडलं किंवा जोडलं गेलंय. अर्थ नंतर. त्यानंतर विचारा, हा कोणी कोणाला लिहिला, मधे कोणी वाचला, आणि कोणी व का जपून ठेवला? तो पत्र-आराखड्याचा जोड मी वर्गात वापरते. दोन कागद दोन वेगळ्या टेबलांवर ठेवते आणि काही सांगत नाही. एका वर्षी एक मुलगा उठून दुसऱ्या टेबलाशी गेला आणि गंजाच्या खुणांकडे बोट दाखवून म्हणाला, ‘मॅडम, ही दोन्ही एकत्र टाचलेली होती.’ त्या दिवशी मागच्या दारावर झालेली चर्चा मला वर्षभरात कुठल्याही व्याख्यानातून घडवता आली नव्हती.

गृहपाठ म्हणून निबंध देऊ नका. प्रत्येकाला एका फाइलीचं वर्णन लिहू द्या, जसं सूचीत असतं तसं : कोणी तयार केली, कोणत्या वर्षांतली, आत कशाबद्दल आहे, पाच-सहा ओळींत. मग अभिलेखागाराच्या सूचीतली खरी नोंद वाचून दाखवा. कोणी ‘विद्यार्थिनींच्या प्रवेशद्वाराबाबत’ लिहिलेलं असेल आणि सूचीत ‘किरकोळ दुरुस्त्या’ असेल. सूचीही माणसानेच लिहिलेली असते आणि त्याला तेव्हा जे महत्त्वाचं वाटलं तेच तिच्यात आलं, हे त्यांना तिथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. एखाद्याचं वर्णन खरोखर चांगलं झालं असेल तर अभिलेखपालांना द्या. नोंद सुधारायला त्यांना ते उपयोगी पडू शकतं.

आता ते कपाट. नाही, कामाचं तेवढं निवडू नका. तुम्हाला आज जे कामाचं वाटेल त्यात तुमच्या विषयाचं येईल, आणि कोणा दुसऱ्याचा विषय रद्दीत जाईल. शिवाय विद्यापीठाचे कागद किती वर्षं ठेवायचे आणि काय नष्ट करायचं याचे नियम असतात, तो निर्णय एकट्या विभागाने घ्यायचा नसतो. कपाट उघडून आहे त्या स्थितीत प्रत्येक कप्प्याचा फोटो काढा. वरचा कप्पा, मधला, खालचा, असं कागदावर लिहा. गठ्ठ्यांच्या दोऱ्या सोडू नका, वरचे मळके पुठ्ठे फेकू नका, त्यांच्यावरच बहुधा वर्ष आणि क्रमांक असतो. फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशनचा विचारही करू नका. ओल किंवा वाळवी दिसली तर तो गठ्ठा वेगळ्या खोक्यात ठेवा आणि सांगा. त्या विभागात पूर्वी काम केलेले कोणी निवृत्त कारकून किंवा शिपाई असतील तर त्यांच्याशी बोला. कुठला कप्पा कोणाचा होता, हे त्यांच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही.

आणि उद्या सकाळीच अभिलेखागारात त्याच बाईंना फोन करा. ‘कोणत्या कार्यालयाचे?’ असं त्या विचारतील तेव्हा या वेळी तुमच्याकडे उत्तर असेल. त्या कागद न्यायला येतील तेव्हा त्यांच्यासमोर आवक-जावक रजिस्टरं शोधा. पत्रं गेली असली तरी कोणाचं पत्र कोणत्या तारखेला आलं, कशाबद्दल होतं आणि पुढे कोणाकडे पाठवलं, हे त्या रकान्यांत राहतं. तुमच्या विभागाला विद्यार्थिनींनी लिहिलेल्या पहिल्या अर्जांच्या नोंदी कदाचित तिथेच, खालच्या कप्प्यात असतील.